बैल कोठून आला?

रविवारी आबिड्सची बहुतेक दुकाने बंद असतात आणि त्यांच्या बंद दारांपुढील पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, हे हैदराबादच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. इतर गावच्या मराठी मंडळींसाठी एवढेच सांगतो की, ज्या आबिद नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानावरून ह्या भागास नाव पडले ते दुकान केव्हाच गेले, नाव तेवढे उरले. आणि हा रविवारचा ग्रंथबाजारही अद्याप टिकून आहे. मोठ्या टपाल कचेरीपासून निघावे, वाकून वाकून ढीग उपसावेत, दोनचार पुस्तके काखोटीस मारून दुपारी घरी परतावे आणि घरच्या मंडळींची नेहमीची बोलणी निमूटपणे ऐकून घ्यावीत, हा आमचा तीस वर्षांचा नेम आहे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका ढिगाखाली आम्हांला जुन्या हैदराबाद संस्थानाचा एक नकाशा सापडला. घड्यांवर फाटलेला, कडा कुरतडलेल्या. परंतु तालुक्यांची नावे शाबूत होती. घरी आल्यावर तो टेबलावर पसरला आणि आम्ही प्रथम आमचे मूळ गाव शोधले. नकाशात ते सापडण्याएवढे मोठे नाही; पण त्याचा तालुका उदगीर सापडला. त्या काळी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. उदगिराहून बीदर, बीदरहून जहिराबाद आणि तेथून हैदराबाद, अशी वाट आम्ही बोटाने चालत आलो. वाटेत सीमेची एकही रेघ आडवी आली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे झाले. आज त्याच वाटेवर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण अशी तीन राज्ये लागतात. आमचे वडील १९५२ साली ह्याच वाटेने कारकुनीसाठी शहरात आले, आबिड्समागच्या एका गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले, आणि सीमा आखल्या गेल्या तेव्हा पलीकडे राहून गेले. त्यांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व मुले आबा म्हणत असू, गावी शेती पाहत.

त्या वाटेवरून माणसांपेक्षा जनावरेच अधिक चालली असतील. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, लोंबत्या कानांची देवणी गुरे ही ह्याच टापूची देणगी. लातूर, नांदेड, बीदर आणि अलीकडचा तेलंगणातला पट्टा हे सारे त्यांचे एकच माहेर. हेडी लोक ह्या बाजारातून जनावरे घेत, त्या बाजारात विकत. नव्या सीमा आल्या म्हणून जनावरांचे चालणे थांबले नाही आणि जनावरांसवे चालणारे रोगही थांबले नाहीत. नकाशावर बोट फिरवीत असता आम्हांला एका विशिष्ट बैलाची आठवण झाली. गेली चाळीसहून अधिक वर्षे ती आम्ही कोणापाशी बोललो नव्हतो.

१९८२ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो. वय बारा. अक्षर मोत्यासारखे असल्याचा लौकिक होता आणि त्याचा आम्हांस थोडा ताठाही होता. त्या वर्षी आबांच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरला. एक गाय आणि एक गोऱ्हा दोन दिवस चाऱ्याला तोंड लावीनात. तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, खुरांच्या बेचक्यांत फोड आले. घरातली माणसे तुरटीच्या पाण्याने त्यांची तोंडे धूत होती. त्याच दावणीला तिसरा, एक तरणा बैल बांधलेला होता. तो मात्र खात होता, पीत होता, शिंगे उगारीत होता. आबांनी त्याच्याकडे पाहिले, गाईकडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याला बाजाराला काढले. आम्ही हौसेने बरोबर गेलो.

गिऱ्हाईक भालकीकडचे होते. पन्नाशीचे, डोईला फेटा, पायांत झिजलेल्या वहाणा. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरला. बाजाराच्या कारकुनाची पावती झाली. तरी त्या गृहस्थांनी आणखी एक चिठ्ठी मागितली. ते म्हणाले, "पाहुणे, रकमा उसन्या काढून आणल्याव. बैल चांगला हाय म्हणून दोन अक्षरं लिहून द्या." आबांस लिहिता येत नव्हते. त्यांनी आमच्याकडे बोट दाखविले. आम्ही गुडघ्यावर वही टेकवून लिहिले: बैल चार दाती, अंगाने निर्व्यंग, खाण्यापिण्यास चांगला, कामास हुशार व निरोगी आहे. खाली आबांचा अंगठा. गृहस्थांना वाचता येत नसावे; पण त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, अक्षराचे कौतुक केले आणि म्हणाले, "मास्तर व्हशील बाबा तू." तो कागद त्यांनी फेट्याच्या घडीत ठेवला.

दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा भालकीकडच्या एका सोयऱ्याकडून हकीकत समजली होती. बैल नेल्यापासून चार दिवसांत त्याला लाळ सुटली. त्यांच्या गोठ्यातील दोन दूधपिती वासरे उभ्याउभ्या कोसळली. पुढे तो रोग गल्लीत पसरला, आणि मृग निघाला तेव्हा त्या गल्लीतले निम्मे बैल लंगडत होते. पेरणीच्या वेळी बैल लंगडला म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यास सांगावे लागत नाही. ते गृहस्थ भांडायला आले नाहीत. आबांनी ह्या विषयावर एक शब्द काढला नाही. आम्हीही काढला नाही.

पुढे आम्ही मास्तर झालो, मुख्याध्यापकही झालो आणि ह्या विषयावर जे मिळाले ते वाचीत गेलो. तेव्हा समजले की, आम्ही लिहिलेल्या चिठ्ठीतले एकही अक्षर दिसायला खोटे नव्हते. बैल त्या दिवशी खरोखर खातपीत होता. परंतु ह्या रोगाची रीतच अशी की, लक्षणे दिसण्यापूर्वीच जनावर दुसऱ्यास रोग देऊ लागते. अंगात शिरलेला विषाणू दोन आठवड्यांपर्यंत दडून राहू शकतो. मोठी जनावरे बहुधा वाचतात. कोवळ्या वासरांच्या हृदयावर मात्र हा रोग घाला घालतो आणि ती अचानक मरतात. त्या गृहस्थांना बैल कसा आहे, हे सांगून भागणार नव्हते. तो कोणत्या दावणीवरून आला आणि त्या दावणीला आणखी कोण आजारी होते, हे सांगावयास हवे होते. चिठ्ठीत तेवढेच नव्हते.

जनावरांच्या साथीचा सारा इतिहास ह्या एका प्रश्नाभोवती फिरतो. जिला आपण बुळकांडी म्हणतो त्या रोगाने एके काळी ह्या देशातील गोठेच्या गोठे ओस पाडले. इंग्रज सरकारने गुरांच्या साथींविषयी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. १८८९ साली पुण्यास जनावरांच्या रोगांवरील प्रयोगशाळा निघाली. परंतु असले जंतू भरवस्तीजवळ हाताळणे धोक्याचे म्हणून १८९३ साली ती दूर कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरास हलविण्यात आली. १९५४ पासून बुळकांडीविरुद्ध राष्ट्रीय मोहीम चालली. लसीने मोठे काम केले. तथापि लस टोचून झाल्यावरही कोठेतरी कोपऱ्यात उरलेला रोग जनावरांच्या पायांनी पुन्हा निघत असे. म्हणून राज्यांच्या सीमांवर तपासणी नाके बसविले गेले. पुढे तर माणसे गावोगाव जाऊन, गुरांच्या नित्याच्या वाटांवर थांबून, कळप हाकणाऱ्यांना विचारीत: कोठून आलात? वाटेत कोठे जनावर मेलेले पाहिले काय? हा शोध रोग नाहीसा झाल्यासारखा वाटू लागल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहिला. भारतातील बुळकांडीचा अखेरचा उद्भव १९९५ साली झाला, २००६ साली देश तिच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ साली ती पृथ्वीवरूनच नाहीशी झाल्याची घोषणा झाली. मानवाने निपटून काढलेला, देवीनंतरचा, हा दुसराच रोग होय. ह्या विजयात सूक्ष्मदर्शकाइतकाच वाटा रस्त्याकडेला उभे राहून साधा प्रश्न विचारणाऱ्या त्या अनाम माणसांचा आहे, असे आम्हांस वाटते.

शाळेच्या कारभारात आम्हांस हीच गोष्ट रोज दिसते. दुसऱ्या शाळेतून येणाऱ्या मुलास आम्ही त्याचा चेहरा पाहून दाखल करून घेत नाही. आधीच्या शाळेचा दाखला मागतो. मूल तेथून केव्हा निघाले, येथे केव्हा आले, ह्याची नोंद दोन्हीकडच्या नोंदवहीत जुळावी लागते. मधल्या दोन महिन्यांचा पत्ता लागत नसेल तर आम्ही पालकास समोर बसवून विचारतो. पालक चिडतात. परंतु ज्या मुलाच्या प्रवासाची नोंद तुटते, ते मूल पुढे शोधूनही सापडत नाही, हा आमचा अनुभव आहे.

नोंद तुटली म्हणजे जनावरांच्या बाबतीत काय होते, ते संपन्न देशांनीही भोगले आहे. इंग्लंडात १९९६ पासून प्रत्येक गाईबैलास पारपत्र देण्यास आरंभ झाला होता. मेंढरांची मात्र एकेकट्याने नोंद नव्हती. २००१ च्या फेब्रुवारीत तेथे लाळ्या-खुरकूत उघडकीस आला, तत्पूर्वीच उत्तर इंग्लंडातल्या मेंढरांच्या बाजारांतून तो देशभर वाटला गेला होता. काही सौदे तर बाजाराच्या कुंपणाबाहेर, नोंदीवाचून झालेले. कोणते मेंढरू कोठे गेले हे कळेना. दोन हजारांवर ठिकाणी रोग निघाला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तेथे प्रयोगशाळा, डॉक्टर, मोटारी, पैसा कशाचीही वाण नव्हती.

आता आमच्या घरातील दुसऱ्या चिठ्ठीकडे येतो.

लंपी चर्मरोग भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ च्या ऑगस्टात तो महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात निघाला आणि बघता बघता जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. त्या वर्षी देशभरात दीड लाखांहून अधिक गुरे त्याने मेली. अंगावर गाठी उठतात, ताप चढतो, पाय सुजतात, दूध आटते. डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड हे त्याचे मुख्य वाहक. तथापि माशी फार दूर जात नाही. शंभर कोसांचा पल्ला तिला गाठून देतो तो गाठी उठण्यापूर्वीच मालमोटारीत चढविलेला बैल. म्हणून महाराष्ट्र सरकारने सप्टेंबरात २००९ च्या कायद्याच्या आधारे साऱ्या राज्यास नियंत्रित क्षेत्र ठरविले, गुरांचे बाजार बंद केले आणि त्यांची ने-आण थांबविली. रोग निघालेल्या गावाभोवती पाच किलोमीटरांच्या टापूत लस टोचली जाऊ लागली.

अशाच एका रात्री आबांच्या मुलाचा, आमच्या धाकट्या चुलतभावाचा, दूरध्वनी आला. आबा त्यापूर्वीच निवर्तले होते. भावाच्या दावणीला देवणीची एक जोडी, दोन गाई आणि एक कालवड होती.

"दादा, शेजारच्या गावात लंपी निघालाय. आपली जनावरं अजून धडधाकट हायेत. जहिराबादला पाहुण्याच्या मळ्यात नेऊन बांधतो. टेंपो ठरवलाय. तुमी फक्त शाळेच्या कागदावर लिहून द्या, की जनावरं घरचीच हायेत आन् निरोगी हायेत. हेडमास्तरचा शिक्का बघितला की नाक्यावर कुणी आडवत नाही."

आम्ही म्हणालो, "अरे, शाळेच्या शिक्क्याचा आणि गुरांचा काय संबंध?"

"संबंध नाही, पर उपेग हाय. आबांची दावण हाय दादा ही. डोळ्यांदेखत मरू देऊ का?"

वाचकहो, आम्ही त्या क्षणी मोठे निश्चयी होतो असे समजू नका. लिहून देण्याचे मनात येऊन गेले. आबांच्या घरचे दूध पिऊन आम्ही वाढलो आहोत. कालवडीचे नाव आमच्या आईवरून ठेवलेले होते. शिक्का टेबलाच्या खणात होता. पण कोरा कागद पुढे ओढला तेव्हा तो फेट्याच्या घडीत जाणारा कागद दिसू लागला. आम्ही भावाला नाही म्हणालो. वर मास्तरकी करून, दवाखान्यात कळव, गोठ्यात धूर कर, गोचीड काढ, टोचून घे, असेही सांगितले. त्याने, "बरं हाय," एवढेच म्हणून दूरध्वनी ठेवला. आमच्या कुटुंबाने त्या रात्री विचारले, "आणि जनावरे दगावली तर?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जनावरे गावातच राहिली. लस टोचली गेली. परंतु लसीचा गुण येण्यास दिवस लागतात. तिसऱ्या आठवड्यात एका गाईच्या अंगावर गाठी आल्या, मागोमाग कालवडीच्या. गाय उठली. कालवड उठली नाही. सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार आणि वासरामागे सोळा हजार रुपये मदत ठरविली होती. भाऊ दिवाळीला आबिड्सच्या घरी आला, तेव्हा बराच वेळ बोलला नाही. जेवण झाल्यावर म्हणाला, "दादा, त्या रात्री नेली असती तर कालवड वाचली असती." आम्ही म्हणालो, "कदाचित वाचली असती. कदाचित तीच पाहुण्याच्या गोठ्यात रोग घेऊन गेली असती." आणि मग, प्रथमच, आम्ही त्याला १९८२ सालच्या बैलाची गोष्ट सांगितली. ती ऐकून तो म्हणाला, "आबा शेवटच्या आजारात भालकीवाल्याचं नाव घेत होते. आम्हांला वाटायचं, काही उधारी राहिलीय."

ह्या एका वाक्याने आम्हांस पुष्कळ शिकविले. आबा दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: खरे सांगून बैलाची किंमत बुडवावी, किंवा गप्प बसून ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधावी. खरे बोलणाऱ्याचे नुकसान भरून देणारे तेव्हा कोणी नव्हते. जनावरांच्या हालचालीची नोंद ठेवा म्हणताना, खरी नोंद करणारा बुडणार नाही, ह्याचीही तजवीज समाजाने केली पाहिजे. सोळा हजारांत कालवड परत येत नाही. पण तेवढ्या आधाराने का होईना, माणूस रोग लपविण्याऐवजी कळविण्यास धजतो.

आता गुरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे जनावराची जात, वय, मालक, टोचलेल्या लसी ह्यांची नोंद संगणकात होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून गुरांची खरेदीविक्री व वाहतूक करू नये असा नियम झाला. ही गोष्ट फार चांगली. तथापि बिल्ला म्हणजे शाळेतला पटावरचा क्रमांक. जनावर विकले आणि नव्या मालकाचे नाव चढविलेच नाही, तर तो कानातला निव्वळ दागिना ठरतो.

शहरात राहणाऱ्या आपणांस ह्याचे काय, असे कोणी विचारील. २०१९ च्या पशुगणनेत मेंढरांच्या संख्येत तेलंगण देशात पहिले आले. एक कोटी नव्वद लाख. २०१७ साली येथे मेंढरे वाटण्याची सरकारी योजना निघाली तेव्हा ती शेजारच्या राज्यांतूनही आणली गेली. जियागुड्याच्या बाजारात सणापूर्वी किती गावांची मेंढरे एकमेकांस अंग घासून उभी असतात, ते एकदा पाहून यावे. ह्याच शहरात, गच्चीबावलीस, १९८२ साली स्थापन झालेल्या संस्थेत लाळ्या-खुरकूतची लस बनते आणि देशभर जाते. ज्या वर्षी आम्ही ती चिठ्ठी लिहिली, त्याच वर्षी त्या संस्थेचा पाया घातला गेला, हे आम्हांला फार उशिरा कळले. आपल्या चहातले दूध, पोळ्याला पूजावयाची गावाकडची जोडी, भावाने पाठविलेले तूप, ह्या सर्वांमागे तेच चालणे आहे.

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर भावाचा पुन्हा दूरध्वनी आला. जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता, म्हणून तो बाजारात गेला होता. मनाजोगता बैल मिळाला, भावही बराच उतरलेला. परंतु कानात बिल्ला नव्हता. विकणाऱ्यास विचारले, कोठला? तो म्हणाला, इकडचाच. गाव विचारले तर हसला.

"मग?" आम्ही विचारले.

"मग काय, रिकाम्या हाताने परत आलो. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेतो. महाग पडंल जरा." थोडे थांबून तो म्हणाला, "आबांना आवडलं असतं का हो दादा?"

आम्ही होय म्हणालो. भालकीच्या त्या गृहस्थांचे नाव आम्हांस ठाऊक नाही आणि ते आज हयात असण्याचा संभवही नाही. आबिड्सला मिळालेला नकाशा आम्ही चौकटीत बसवून घेतला आहे. त्यावर भालकी सापडते, उदगिराच्या अगदी जवळ.